बुलेटचा बादशाह, पण अर्ध्या गुणाने हुकलेला: हिकारू नाकामुराच्या खेळाची ताकद कशात आहे आणि तो अडतो कुठे?

डिसेंबर २०२२. चेस डॉट कॉमच्या 'स्पीड चेस चॅम्पियनशिप'ची फायनल. समोर तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन. सुमारे तीन तासांत दोघे तब्बल २८ डाव खेळले आणि निकाल लागला १४.५ विरुद्ध १३.५. जिंकला अमेरिकेचा हिकारू नाकामुरा. या स्पर्धेचं हे त्याचं सलग पाचवं विजेतेपद होतं.

त्याच वर्षी जुलै महिन्यात माद्रिदमध्ये मात्र वेगळंच घडलं होतं. कॅन्डिडेट्स स्पर्धेची शेवटची फेरी होती. नाकामुराला स्पर्धेत एकट्याने दुसरं यायला फक्त एक बरोबरी पुरेशी होती. हातात वेळही भरपूर होता. तो डाव तो चीनच्या डिंग लिरेनकडून हरला आणि दुसरा क्रमांक डिंगला मिळाला. नंतर कार्लसनने जगज्जेतेपदाची लढत खेळायला नकार दिला, त्यामुळे दुसऱ्या क्रमांकाच्या डिंगला ती संधी मिळाली. २०२३ मध्ये तो जगज्जेता झाला.

एका मिनिटाच्या डावात जगातल्या कुणालाही घाम फोडणारा खेळाडू काही तासांच्या डावात का अडतो? की तो अडतो हा आपलाच समज आहे? मोबाईलवर बुलेट आणि ब्लिट्झ खेळणाऱ्या प्रत्येकासाठी या प्रश्नाचं उत्तर कामाचं आहे.

हिकारू नाकामुरा आहे तरी कोण?

नाकामुराचा जन्म ९ डिसेंबर १९८७ रोजी जपानमधल्या हिराकाता इथे झाला. तो दोन वर्षांचा असताना कुटुंब अमेरिकेत आलं. त्याचे सावत्र वडील सुनील वीरमंत्री हे मूळचे श्रीलंकेचे, नावाजलेले बुद्धिबळ प्रशिक्षक. २००३ मध्ये वयाच्या १५ व्या वर्षी तो ग्रँडमास्टर झाला आणि बॉबी फिशरचा अमेरिकेतला सर्वात लहान ग्रँडमास्टरचा विक्रम त्याने काही महिन्यांच्या फरकाने मोडला.

तो पाच वेळा अमेरिकेचा राष्ट्रीय विजेता झाला. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या टाटा स्टील स्पर्धेत आनंद, कार्लसन, क्रॅमनिक अशा दिग्गजांना मागे टाकून तो पहिला आला. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्याचं पारंपरिक डावांचं रेटिंग २८१६ पर्यंत पोहोचलं. म्हणजे 'हा फक्त ऑनलाइन खेळतो' हे म्हणणं चुकीचं आहे. तो आधी पटावर मोठा झाला.

पण तरुणांमध्ये तो घराघरात पोहोचला तो इंटरनेटमुळे. इंटरनेट चेस क्लबवर 'स्मॉलव्हिल' या नावाने तो अनेक वर्षं खेळायचा. २००९ मध्ये त्याने ब्रूस हार्परसोबत एका मिनिटाच्या बुलेट बुद्धिबळावर पुस्तकही लिहिलं. २०२० मध्ये कोरोनामुळे स्पर्धा बंद पडल्या, सगळे घरात अडकले आणि ट्विचवर डाव खेळत खेळत बोलणारा नाकामुरा स्ट्रीमिंगच्या दुनियेत स्टार झाला.

वेगवान म्हणजे नेमकं किती वेगवान?

बुद्धिबळात घड्याळ दोन बाजूंचं असतं. तुमची चाल असताना तुमचा वेळ पळतो. वेळ संपला की पटावर कितीही जिंकत असलात तरी तुम्ही हरता. याला खेळाडूंच्या भाषेत 'फ्लॅग पडणं' म्हणतात. अपवाद एकच: समोरच्याकडे मात करण्याइतक्या सोंगट्याच उरल्या नसतील, तर डाव बरोबरीत सुटतो.

जागतिक संघटना फिडेच्या नियमांनुसार प्रत्येकी १० मिनिटांहून जास्त आणि ६० मिनिटांहून कमी वेळ असेल तर तो रॅपिड डाव, आणि १० मिनिटं किंवा त्याहून कमी असेल तर ब्लिट्झ. बुलेट म्हणजे साधारण एका मिनिटाचा डाव. हा प्रकार वाढला तो ऑनलाइन दुनियेत.

फरक किती आहे ते आकड्यांत पाहा. २०२४ च्या कॅन्डिडेट्स स्पर्धेत पहिल्या ४० चालींसाठी प्रत्येक खेळाडूला दोन तास होते. म्हणजे सरासरी एका चालीला तीन मिनिटं. एका मिनिटाच्या बुलेटमध्ये त्याच ४० चाली खेळायच्या तर एका चालीला दीड सेकंद. तब्बल १२० पट फरक.

त्यात आणखी दोन गोष्टी येतात. पहिली म्हणजे 'इन्क्रिमेंट', म्हणजे प्रत्येक चालीमागे घड्याळात मिळणारे एक-दोन जादा सेकंद. अशा घड्याळाचं पेटंट १९८० च्या दशकाच्या अखेरीस खुद्द बॉबी फिशरने घेतलं होतं. दुसरी गोष्ट फक्त ऑनलाइन असते: 'प्री-मूव्ह'. समोरच्याची चाल व्हायच्या आधीच तुम्ही तुमची चाल नोंदवून ठेवता. चेस डॉट कॉमवर अशा चालीला ०.१ सेकंद कापला जातो, लिचेसवर तेवढाही नाही. दोन सेकंद शिल्लक असताना कुणी पंधरा चाली खेळून सुटतो, तो याच जोरावर.

ताकद १: जे ओळखीचं आहे, ते मोजावं लागत नाही

वेगात खेळणारा माणूस वेगात विचार करतो, असं आपल्याला वाटतं. खरी गोष्ट अशी की बराचसा विचार त्याने आधीच करून ठेवलेला असतो.

डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान डी ग्रूट यांनी १९४६ मध्ये बुद्धिबळपटूंच्या विचारपद्धतीवर अभ्यास प्रसिद्ध केला. काही सेकंद पट दाखवून झाकला, तर उत्तम खेळाडू जवळपास सगळ्या सोंगट्या जागच्या जागी मांडून दाखवायचे. नवख्यांना ते जमत नव्हतं. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी याच्या पुढे जाऊन पाहिलं. सोंगट्या खऱ्या डावातल्या न ठेवता कशाही विस्कटून मांडल्या, तर तरबेज खेळाडूची ही आघाडी जवळजवळ नाहीशी झाली.

याचा अर्थ सरळ आहे. मोठ्या खेळाडूची स्मरणशक्ती सगळ्याच बाबतीत अफाट असते असं नाही. त्याला पटावरचे 'आकार' ओळखीचे असतात. कॅसलिंग केलेला राजा, त्याच्यापुढची तीन प्यादी आणि त्यावर रोखलेला उंट हे त्याला पाच वेगळ्या सोंगट्या म्हणून दिसत नाहीत. आपण 'पुणे' हा शब्द अक्षरं जुळवत न बसता एकदम वाचतो, तसाच तो हा आकार वाचतो.

नाकामुराने लहानपणापासून ऑनलाइन हजारो डाव खेळून असे आकार साठवलेत. त्यामुळे दीड सेकंदातही त्याला चाल शोधत बसावं लागत नाही. ती दिसते, आणि उरलेल्या वेळात तो फक्त एवढंच तपासतो की काही फुकट तर जात नाही ना.

हे केवळ पाठांतर नाही, याचा पुरावा ऑक्टोबर २०२२ मध्ये आइसलँडच्या रेक्याविकमध्ये मिळाला. फिशर रँडम बुद्धिबळात मागच्या रांगेतल्या सोंगट्यांची जागा दर डावात चिठ्ठी टाकून ठरते, त्यामुळे पाठ केलेली ओपनिंग तिथे चालत नाही. त्या प्रकारातलं जागतिक विजेतेपद नाकामुराने रशियाच्या इयन नेपोम्नियाशीला निर्णायक 'आर्मागेडन' डावात रोखून जिंकलं.

ताकद २: घड्याळ ही तेहतिसावी सोंगटी

पटावर दोन्ही बाजूंच्या मिळून ३२ सोंगट्या असतात. वेगवान डावात घड्याळ ही तेहतिसावी.

अशा डावात सर्वात चांगली चाल आणि सर्वात उपयोगी चाल या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. समजा, एक चाल एकदम अचूक आहे, पण ती शोधायला तुमचे २० सेकंद जातात. दुसरी थोडी कमी दर्जाची आहे, पण दोन सेकंदांत सुचते आणि तिला उत्तर शोधायला समोरच्याला १५ सेकंद लागतात. तीन मिनिटांच्या डावात बहुतेक वेळा दुसरी चाल फायद्याची ठरते.

नाकामुरा हा हिशेब सतत करत असतो. स्ट्रीमवर खेळताना तो समोरच्याच्या उरलेल्या वेळाबद्दल जितकं बोलतो, तितकंच पटाबद्दल. वेळ कमी उरलेल्या खेळाडूला तो सोपी देवाणघेवाण करू देत नाही. पटावर सोंगट्या जास्त राहिल्या की विचारही जास्त करावा लागतो. आणि स्वतःकडे वेळ कमी असेल, तेव्हा तो नेमकं उलट करतो: शह देत राहायचं, सुरक्षित चाली खेळायच्या, समोरच्याला उत्तर देण्यात गुंतवून ठेवायचं.

ताकद ३: बिघडलेला डाव सोडायचा नाही

२००८ मध्ये नाकामुरा इंटरनेट चेस क्लबवर 'रिब्का' या तेव्हाच्या जगातल्या सर्वात बलाढ्य संगणक प्रोग्रामविरुद्ध तीन मिनिटांचा डाव खेळला. सरळ लढाईत माणसाला संधीच नव्हती. म्हणून त्याने प्यादी एकमेकांत अशी अडकवली की पट बंद झाला. कुणालाच पुढे सरकायला वाट उरली नाही.

संगणकाकडे सोंगट्यांची आघाडी होती, म्हणून आपण जिंकतोय असा त्याचा हिशेब होता. नियम असा आहे की सलग ५० चालींत एकही प्यादं हललं नाही आणि एकही सोंगटी मारली गेली नाही, तर बरोबरी मागता येते. जिंकत असताना बरोबरी कशाला, म्हणून ती टाळण्यासाठी रिब्काने स्वतःचीच भक्कम रचना मोडली. नाकामुराने तेवढी फट पकडली आणि तो डाव २७१ चालींत जिंकला.

या डावाची गंमत सांगितली जाते, पण त्यातला धडा गंभीर आहे. त्याने पटाबरोबर समोरच्याचा स्वभावही वाचला, मग तो समोरचा यंत्र का असेना. वेगवान डावात हरणाऱ्या बाजूचं काम एकच असतं: समोरच्याला चूक करायच्या जास्तीत जास्त संधी देणं. हे काम करणाऱ्यांत नाकामुराचं नाव फार वर आहे.

ताकद ४: मागचा डाव मागेच

स्पीड चेससारख्या लढतीत एक डाव संपला की लगेच पुढचा सुरू होतो. हातातला डाव एका चुकीने गेला तर चिडायला वेळच नसतो. याला खेळाडू 'टिल्ट' म्हणतात: रागाच्या भरात एकामागून एक डाव हरत जाणं. रात्री दोन वाजता 'शेवटचा एक' म्हणत रेटिंगचे दीडशे गुण घालवणाऱ्यांना याची ओळख वेगळी करून द्यायला नको.

नाकामुरा तरुणपणी शीघ्रकोपी म्हणून ओळखला जायचा. अलीकडच्या काळात मात्र 'आपण आता मुख्यतः स्ट्रीमर आहोत, निकालावर पोट अवलंबून नाही' असं तो वारंवार सांगत आला आहे. दडपण कमी झाल्याने खेळ सुधारला, असं त्याचं म्हणणं आहे. निकालही तेच सुचवतात. पारंपरिक स्पर्धांपासून सुमारे दोन वर्षं दूर राहिल्यावर २०२२ मध्ये तो थेट फिडे ग्रँड प्रीमध्ये उतरला आणि ती मालिका जिंकून कॅन्डिडेट्समध्ये पोहोचला.

मग अडतं कुठे? पहिली मर्यादा: समोरच्यालाही वेळ मिळतो

वेगवान डावात अर्धवट बरोबर असलेला हल्लाही चालून जातो, कारण त्याचं उत्तर शोधायला समोरच्याकडे पाच सेकंद असतात. पारंपरिक डावात त्याच हल्ल्यापुढे बसलेला माणूस वीस मिनिटं विचार करतो. त्याहून वाईट म्हणजे त्याने त्याचं उत्तर घरीच संगणकावर शोधून आणलेलं असू शकतं.

कार्लसनविरुद्धचा इतिहास हेच सांगतो. ब्लिट्झमध्ये दोघांत कधी हा तर कधी तो. ऑगस्ट २०२० च्या मॅग्नस कार्लसन टूरच्या फायनलमध्ये तर रॅपिड लढत सातव्या दिवशी शेवटच्या आर्मागेडन डावापर्यंत ताणली गेली आणि तिथे कार्लसन वाचला. पारंपरिक डावांत मात्र कार्लसनला पहिल्यांदा हरवायला नाकामुराला जुलै २०१६ उजाडावं लागलं. स्पेनमधल्या बिल्बाओच्या त्या विजयाआधी तो कार्लसनकडून अनेकदा हरला होता.

दुसरी मर्यादा: नाशिककराची तयारी आणि तो अर्धा गुण

एप्रिल २०२४, टोरांटो. पुन्हा कॅन्डिडेट्स. आठ खेळाडू, १४ फेऱ्या, आणि पहिल्याला जगज्जेत्याशी लढायची संधी.

दुसऱ्या फेरीत नाकामुरासमोर होता नाशिकचा विदित गुजराथी. गंमत म्हणजे विदितही ऑनलाइन दुनियेला नवा नाही. कोरोनाच्या काळात समय रैनासोबतच्या त्याच्या स्ट्रीम्समुळे भारतात अनेक जण बुद्धिबळ बघायला लागले. पण टोरांटोत तो आला होता घरून पक्की तयारी करून. काळ्या सोंगट्यांनी खेळताना त्याने सुरुवातीलाच उंटाचा बळी दिला आणि नाकामुराचा राजा उघडा पाडला. नाकामुरा पारंपरिक डावांत सलग ४७ डाव हरला नव्हता. ती मालिका तिथे तुटली. नवव्या फेरीत विदितने त्याला पुन्हा हरवलं.

आता अंतिम गुण पाहा. डी. गुकेश ९, तर नाकामुरा, नेपोम्नियाशी आणि फॅबियानो कारुआना प्रत्येकी ८.५. शेवटच्या फेरीत नाकामुरा पांढऱ्या सोंगट्या घेऊन गुकेशसमोरच बसला होता. त्याला विजय हवा होता, गुकेशने बरोबरी सोडवली.

विदितविरुद्धच्या दोन पराभवांपैकी एक जरी बरोबरीत सुटला असता, तर नाकामुराचेही ९ गुण झाले असते. नियमानुसार पहिल्या क्रमांकाची बरोबरी रॅपिड डावांनी सुटणार होती. म्हणजे जिथे त्याचा हात धरणारे जगात मोजकेच आहेत, तिथपर्यंत पोहोचायला त्याला अर्धा गुण कमी पडला. गुकेशने पुढे डिसेंबर २०२४ मध्ये वयाच्या १८ व्या वर्षी जगज्जेतेपद जिंकलं.

वेगवान स्पर्धेत एका डावाची किंमत कमी असते, कारण पुढे आणखी वीस डाव असतात. कॅन्डिडेट्समध्ये डाव फक्त चौदा. तिथे 'हा गेला, पुढचा बघू' हा गुण पुरेसा पडत नाही.

तिसरी मर्यादा: माऊस वेगळा, हात वेगळा

पटावर प्री-मूव्ह नसते. सोंगटी उचलायची, ठेवायची आणि त्याच हाताने घड्याळ दाबायचं. सोंगटी आडवी झाली तर स्वतःच्या वेळात उभी करायची. हात लावलेली सोंगटी हलवावीच लागते.

२०१५ मध्ये बाकूच्या विश्वचषकात नेपोम्नियाशीविरुद्धच्या आर्मागेडन डावात नाकामुराने दोन्ही हातांनी कॅसलिंग केल्याचं व्हिडिओत दिसलं. नियम एका हाताचा आहे. नेपोम्नियाशीने डाव संपल्यावर तक्रार केली, पण ती फेटाळली गेली आणि नाकामुराचा विजय कायम राहिला.

निकालांतही हा फरक डोकावतो. ऑनलाइन पाच स्पीड चेस विजेतेपदं मिळवणाऱ्या नाकामुराला फिडेच्या पटावरच्या जागतिक ब्लिट्झ स्पर्धेचं सुवर्ण २०२५ अखेरपर्यंत मिळालेलं नाही. २०१९ मध्ये मॉस्कोत तो कार्लसनशी बरोबरीत होता आणि टायब्रेकमध्ये हरला. २०२२ मध्ये अल्माटीत पुन्हा कार्लसन पहिला आणि तो दुसरा. अर्थात, जगात दुसरा येणं ही 'कमजोरी' म्हणायची असेल, तर ती किती वरच्या पातळीवरची आहे हेही लक्षात ठेवायला हवं.

शिवाय वेगाच्या खेळात वयही मोजलं जातं. २०२३ च्या स्पीड चेस फायनलमध्ये कार्लसनने त्याला १३.५ विरुद्ध १२.५ असं हरवून मालिका तोडली. २०२४ मध्ये पॅरिसच्या उपांत्य लढतीत त्याला हरवलं अलिरेझा फिरूझाने. नाकामुरा २००३ मध्ये ग्रँडमास्टर झाला, त्याच वर्षी फिरूझाचा जन्म झाला होता.

चौथी अडचण त्याची एकट्याची नाही: ऑनलाइनवरचा संशय

नोव्हेंबर २०२३ मध्ये माजी जगज्जेता व्लादिमिर क्रॅमनिकने नाकामुराच्या ऑनलाइन निकालांवर प्रश्न उपस्थित केला. मुद्दा होता ४६ डावांत ४५.५ गुणांच्या मालिकेचा. चेस डॉट कॉमने तपासणी करून सांगितलं की फसवणुकीचा कुठलाही पुरावा नाही.

मग एवढी लांब मालिका होते कशी? उत्तर रेटिंगच्या गणितात आहे. दोन खेळाडूंमध्ये ४०० गुणांचा फरक असेल, तर वरच्याने १०० डावांत साधारण ९१ गुण मिळवणं अपेक्षित असतं. नाकामुरा ऑनलाइन प्रचंड संख्येने डाव खेळतो, आणि त्यातले बरेचसे आपल्याहून पुष्कळ कमी रेटिंगच्या खेळाडूंशी. इतक्या डावांतून सर्वात चांगले सलग ४६ निवडले, तर ते थक्क करणारे दिसणारच. पण पटावर पंच समोर असतो आणि ऑनलाइन खेळाडू एकटा खोलीत असतो. त्यामुळे तिथे कितीही मोठा विजय मिळवला तरी शंका घेणारे असतातच.

तर मग वेगवान बुद्धिबळ 'खरं' बुद्धिबळ नाही का?

हा वाद जुना आहे, पण आकडे त्याच्या विरोधात बोलतात. मानसशास्त्रज्ञ ब्रूस बर्न्स यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की ब्लिट्झमधली कामगिरी आणि पारंपरिक रेटिंग यांचा संबंध फार घट्ट असतो. ज्याला पाच मिनिटांत खेळता येतं, त्याला बहुतेक वेळा दोन तासांतही खेळता येतं. नाकामुराही २०२४ मध्ये पारंपरिक रेटिंगमध्ये पुन्हा २८०० च्या वर पोहोचला.

शिवाय मोठमोठी विजेतेपदं आता वेगवान डावांवरच ठरतात. २०१६ आणि २०१८ च्या जगज्जेतेपदाच्या लढती कार्लसनने रॅपिड टायब्रेकमध्ये जिंकल्या, २०२३ ची डिंगने. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीत नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला. कोनेरू हंपीविरुद्धचे फायनलचे दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले आणि विजेती ठरली रॅपिडमध्ये. त्या विजयानेच दिव्या ग्रँडमास्टरही झाली.

म्हणून नाकामुराच्या खेळाकडे 'वेगवान चांगला, सावकाश वाईट' असं पाहणं चुकीचं ठरेल. त्याची ताकद आणि मर्यादा एकाच सवयीतून येतात. ओळखीच्या आकारावर विश्वास ठेवून पटकन निर्णय घेणं ही ती सवय. समोरच्याकडे वेळ नसतो तेव्हा ती हत्यार ठरते. समोरचा तयारी करून, शांतपणे बसलेला असतो, तेव्हा तीच महागात पडू शकते.

तुम्ही मोबाईलवर खेळत असाल तर यातून काय घ्याल?

- आकार साठवायचे तर सावकाश साठवा. नाकामुराचा वेग वर्षानुवर्षांच्या अभ्यासावर उभा आहे. नुसते बुलेट डाव खेळत राहिलं की जे येतं तेच पुन्हा पुन्हा खेळलं जातं, चुकांसकट. १० किंवा १५ मिनिटांचे डाव आणि रोजची थोडी कोडी नवे आकार शिकवतात.
- इन्क्रिमेंट असलेले डाव निवडा. तीन मिनिटं अधिक दोन सेकंद अशा डावात जिंकलेली स्थिती जिंकून दाखवायला वाव राहतो. निकाल फक्त बोटांच्या वेगावर ठरत नाही.
- घड्याळ दर काही चालींनी पाहा. तुमच्याकडे वेळ जास्त असेल तर पट गुंतागुंतीचा ठेवा. कमी असेल तर सोपा करा.
- डाव सोडायची घाई नको. विशेषतः समोरच्याकडे १० सेकंदांहून कमी वेळ असेल तर.
- सलग दोन-तीन डाव हरलात तर थांबा. चिडल्यावर खेळलेले डाव नाकामुरालाही तरुणपणी महाग पडलेत.

आणि पुढच्या वेळी जिंकत असलेला डाव वेळ संपल्यामुळे गेला, तर इंटरनेट स्लो होतं म्हणण्याआधी डाव उघडून एकच गोष्ट बघा: सर्वात जास्त सेकंद कुठल्या चालीवर गेले? बहुतेक वेळा ती चाल शेवटच्या धावपळीतली नसते. ती असते बाराव्या-पंधराव्या चालीच्या आसपासची, जिथे पटावरचा आकार तुमच्या ओळखीचा नव्हता. अभ्यास तिथून सुरू करायचा.